मल्टिमीटर : चूक सोसणारं यंत्र

साध्या मल्टिमीटरच्या तळाशी तीन सॉकेटं असतात. 'कॉम' लिहिलेल्यात काळी लीड, व्होल्ट-ओहमच्या सॉकेटमध्ये लाल. तिसऱ्यावर '१० ए' असं छापलेलं असतं. जाणता वायरमन मीटर हातात घेतला की आधी तिकडेच बघतो. लाल लीड चुकून तिथे तर राहिली नाही ना?

कारण या एका डबीत दोन उलट स्वभाव नांदतात. व्होल्टेज मोजताना डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगओहम असतो, त्यामुळे सर्किटमधून तो जवळजवळ काहीच ओढत नाही. करंट मोजायचा तर मात्र सगळा प्रवाह त्याच्या पोटातून जावा लागतो. म्हणून तिसऱ्या सॉकेटच्या मागे जाड तारेचा शंट असतो, त्याचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाच्या आसपास. सकाळी एखाद्या सर्किटचे अँपिअर बघितले, लीड तिथेच राहिली आणि दुपारी त्याच मीटरचे प्रोब डीबीत, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्डात, फेज-न्यूट्रलला टेकवले, की सरळ शॉर्टसर्किट, तेही हातात धरलेलं. बहुतेक मीटरांत नॉब व्होल्टवर असला तरी सुटका नाही. लीड कुठे खोचली आहे, त्यावर सगळं ठरतं.

नाशिकच्या ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सच्या काही मीटरांत यावर छान उपाय आहे. नॉब फिरवला की नको असलेलं सॉकेट आतून झाकलं जातं, लीड चुकीच्या जागी शिरतच नाही. 'लक्ष ठेवा' अशा शंभर पाट्यांपेक्षा मला हे जास्त पटतं.

चुकणारा हात गृहीत धरूनच हे यंत्र घडत आलं आहे. ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकाडी या इंजिनिअरला कामासाठी वेगवेगळी उपकरणं वागवण्याचा कंटाळा आला होता. त्याने अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत आणले. या तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलं 'एव्हो', आणि १९२३ मध्ये ती पेटी बाजारात आली. तिचं गाजलेलं मॉडेल ८ आलं १९५१ मध्ये, आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या २००८ पर्यंत बनत राहिल्या. काळं, जडशीळ धूड ते. काट्याच्या मागे आरशाची पट्टी. काटा आणि प्रतिबिंब एकावर एक आले की नजर सरळ आहे हे कळायचं. पण त्यातली खरी देखणी गोष्ट म्हणजे कटआउट. काटा जोरात टोकाला गेला की एक यांत्रिक खटका सर्किट तोडायचा आणि बटण टपकन वर यायचं. चूक शोधायची, बटण दाबायचं, पुन्हा कामाला.

डिजिटल मीटरात हे काम फ्यूजकडे आलं. चांगल्या मीटरात तो सिरॅमिकचा, १००० व्होल्टचा असतो आणि आत वाळू भरलेली असते. फ्यूजची तार वितळली म्हणजे प्रवाह थांबलाच असं नाही. फटीत आर्क पेटते आणि प्रवाह वाहतच राहतो. वाळू ती उष्णता शोषून वितळते आणि आर्क विझवते. त्याच जागी काचेचा २५० व्होल्टचा फ्यूज बसवला तर मोठ्या शॉर्टसर्किटमध्ये काच फुटते, आर्क तशीच राहते. आपल्याकडे तर काचेचाही खर्च नको म्हणून तांब्याची तार गुंडाळणारे महाभाग आहेत. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरवर बहुधा तिसऱ्या सॉकेटशेजारी 'अनफ्यूज्ड' असं छापूनच येतं. कबुली प्रामाणिक आहे, पण वाचतो कोण?

शिवाय २३० व्होल्टच्या लाइनवर नेहमी तेवढंच येतं असं नाही. वीज कडाडली किंवा मोठी मोटर बंद झाली की क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येऊ शकतो. म्हणून आयईसी ६१०१० या मानकात 'कॅट'च्या पायऱ्या आहेत. घरातल्या प्लगला कॅट २, डीबीला कॅट ३, खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस लाइनला कॅट ४. कॅट ३, ६०० व्होल्ट असा शिक्का मिरवणाऱ्या मीटरला ६००० व्होल्टचा झटका सोसावा लागतो. त्यासाठी आतल्या बोर्डावर ट्रॅकमध्ये अंतर लागतं, मध्ये खाचा लागतात. शिक्का छापायला यातलं काहीच लागत नाही.

लाइन बंद आहे का, हे बघण्याची रीत ठरलेली आहे. आधी चालू प्लगवर मीटर तपासायचा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू प्लगवर. मेलेला मीटरही शून्यच दाखवतो. उलटही घडतं. बंद वायर चालू वायरीच्या शेजारून गेली असेल तर नाजूक डिजिटल मीटर तिच्यावरही व्होल्टेज दाखवतो. अशा वेळी होल्डरला लावलेला जुना टेस्ट लॅम्प जास्त खरं बोलतो, पण त्याचा काचेचा बल्ब हातात धरून डीबीत शिरणं हा वेगळा धोका.

देखभाल फार नाही. दोन्ही प्रोबची टोकं ओहमवर जुळवली की आकडा अर्ध्या ओहमच्या आत यावा. वायर हलवल्यावर तो नाचला तर लीड आतून तुटलेली आहे. आवरणाला चीर गेली तर टेप गुंडाळू नये, लीड बदलावी. बॅटरीची खूण दिसू लागली की वाचन भरवशाचं राहत नाही. मीटर पावसाळाभर पेटीत पडणार असेल तर सेल काढून ठेवावेत. अल्कलाइन सेल गळले की पट्ट्यांवर पांढरट थर चढतो. तो व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून पट्ट्या नीट कोरड्या कराव्यात. कारखान्यातल्या मीटरांचं कॅलिब्रेशन बहुधा वर्षाला होतं. मुंबईत चुनाभट्टीला आयडेमी ही केंद्र सरकारची संस्था ते करून देते.

फ्यूज शाबूत आहे का, हे न उघडता बघायची एक युक्ती आहे. मीटर ओहमवर ठेवून लाल लीडचं टोक १० ए च्या सॉकेटमध्ये घालायचं. आकडा शून्याजवळ आला तर आतला मार्ग जोडलेला आहे. मात्र फ्यूजच्या जागी तार असली तरी आकडा तोच येतो. त्यामुळे जुना मीटर घेताना दुकानदाराकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घ्यावा आणि मागचं झाकण तिथेच उघडावं.