मातीतली औषधे हुडकणारा जिवाणू

१९६९ साली बर्मिंगहॅमच्या ॲक्सिडेंट हॉस्पिटलमध्ये, भाजलेल्या रुग्णांच्या विभागात, स्यूडोमोनास जिवाणूंवर कार्बेनिसिलिन हे नवे प्रतिजैविक औषध चालेनासे झाल्याचे एडवर्ड लॉबरी आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. पुढच्या तपासात कारण सापडले ते प्लास्मिडमध्ये, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात. कार्बेनिसिलिन, टेट्रासायक्लिन आणि कॅनामायसिन या तिन्ही औषधांविरुद्धची जनुके त्या एकाच वर्तुळावर होती. १९९४ साली त्याचा सुमारे ६० हजार अक्षरांचा पूर्ण क्रम प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञ त्याला आजही 'बर्मिंगहॅम प्लास्मिड' म्हणतात.

याच कुळातले प्लास्मिड नंतर शेणखतात, सांडपाण्यात आणि शेतातल्या मातीतही सापडत गेले. जनावराला दिलेल्या टेट्रासायक्लिनचा बराच भाग शेणामुतातून जसाच्या तसा बाहेर पडतो आणि खताबरोबर शेतात पोचतो. तिथली मात्रा जिवाणू मारण्याइतकी नसली, तरी प्रतिकार करणाऱ्यांचे फावते. म्हणून माती तपासायला हवी. अचूक मोजमाप करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरची किंमत मात्र कोटींच्या घरात जाते.

स्वस्त वाट दूध संकलन केंद्रांनी केव्हाच दाखवली आहे. जिओबॅसिलस हा उष्णता सोसणारा जिवाणू जांभळ्या रंगद्रव्यासह जेलमध्ये ठेवतात, त्यावर दुधाचे थेंब टाकून सुमारे ६४ अंश सेल्सिअसला काही तास तापवतात. जिवाणू वाढला की आम्ल तयार होते आणि जेल पिवळे पडते. दुधात प्रतिजैविक औषध असेल तर जेल जांभळेच राहते.

माती इतकी सरळ नाही. टेट्रासायक्लिन चिकणमातीला आणि कॅल्शियमला घट्ट चिकटते. ते सोडवायला ईडीटीए या रसायनाचे द्रावण लागते, आणि जास्त झाले तर ईडीटीएच जिवाणूची वाढ रोखते. ह्यूमिक द्रव्यांनी अर्क तपकिरी होतो, रंगबदल दिसत नाही. तांबे आणि जस्तही खोटा इशारा देतात. म्हणून त्याच शिवारातली खत न पडलेली माती शेजारी तपासावी लागते. शिवाय मॅग्नेशियम टाकल्यावर जिवाणू पुन्हा वाढला तर टेट्रासायक्लिनचा संशय बळावतो, पॅबा हे संयुग टाकल्यावर वाढला तर सल्फा औषधांचा.

असे असूनही मला ही चाचणी यंत्राची गरीब बहीण वाटत नाही. यंत्र मातीतले एकूण औषध मोजते. मातीचा अर्क साध्या पाण्यात काढून जिवाणूपुढे ठेवला, तर जिवंत पेशीपर्यंत पोचणारे औषध कळते. प्रतिकाराला खतपाणी घालते ते हेच. खात्रीसाठी मोजकेच नमुने प्रयोगशाळेत धाडले की पुरते.

आपल्याकडे डाळिंबाच्या तेल्या रोगावर स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचे मिश्रण फवारले जात आले आहे. सांगोल्याच्या डाळिंबबागेतली माती तपासायची, तर दुधाच्या चाचणीतला जिवाणू पुरेसा नाही. स्ट्रेप्टोमायसिन हेरण्यासाठी बॅसिलस सबटिलिस घ्यावा लागेल, आणि हे औषधही चिकणमातीला धरून बसते, म्हणून काळ्या मातीसाठी अर्काची पद्धत वेगळी बसवावी लागेल.