ताटावरच्या गप्पांतून लेकरं बोलती होतात



गटाच्या बैठकीत एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. लेकरू घरात दिवसभर बडबड करतं, पण शाळेत गुरुजींनी उभं केलं की खाली मान घालतं. उत्तर येत असतं, तोंडातून निघत नाही. मुलींचं तर जास्तच. ‘लई बोलू नको’ हे त्या लहानपणापासून ऐकतात. पुढे बँकेत, दवाखान्यात, ग्रामसभेत त्याच गप्प राहतात. आपल्यातल्या कितीतरी जणींनी हे भोगलं आहे.

यावर एक सोपा उपाय आपल्या घरातच आहे. त्याला पैसे लागत नाहीत, आई शिकलेली असावी लागत नाही. रोजच्या जेवणाच्या वेळी लेकरांशी बोलायचं, आणि त्यांना बोलू द्यायचं.

जेवतानाच का?

दिवसभर कुणी शेतात, कुणी शाळेत, कुणी मजुरीला. सगळे एका जागी येतात ते जेवायला. अमेरिकेत कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या जेवणाच्या वेळच्या गप्पा टेप करून अभ्यासल्या. ज्या घरांत नेहमीपेक्षा वेगळे, कमी वापरातले शब्द लेकरांच्या कानावर पडत होते, त्या लेकरांचा शब्दसाठा पुढे मोठा निघाला. त्यांना दोन प्रकारच्या गप्पा महत्त्वाच्या वाटल्या. एक, घडलेली गोष्ट सांगणं. दुसरी, एखाद्या गोष्टीचं कारण सांगणं.

या दोन्ही गोष्टी आपल्या अर्धापूरच्या शिवारात भरपूर आहेत. केळी कधी निसवली, घडाला टेकू का दिला, हळद काढल्यावर शिजवायची का? घड जड होतो, वारा आला तर झाड मोडतं, म्हणून टेकू. शिजवलेली हळद सारखी वाळते, रंग सगळीकडे सारखा येतो, म्हणून शिजवायची. एवढं बोलताना ‘निसवणं’, ‘टेकू’, ‘हळकुंड’, ‘बेणं’ असे शब्द लेकराला आपोआप मिळतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, खडे, शंख-शिंपले घेऊनच मुलांना शिकवलं. आपल्याजवळ जे आहे तेच पुरेसं असतं.

भाकरी करणारीनं कधी बोलायचं?

हा प्रश्न खरा आहे. पुष्कळ घरांत माणसं आणि लेकरं आधी जेवतात, बाई सगळ्यात शेवटी, एकटी. मग गप्पा चुलीपासून सुरू कराव्यात. भाकर थापताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. लेकराला जवळ बसवा, लसूण सोलायला द्या आणि बोलतं करा. आठवड्यातून दोन दिवस तरी भाकरी आधी करून टोपल्यात झाकून ठेवा आणि सगळ्यांनी एकत्र बसा. त्या वेळी टीव्ही बंद, मोबाईल दूर. आजी-आजोबांना आणि वडिलांनाही यात घ्या. त्यांच्याकडे गोष्टी जास्त असतात.

कसं विचारायचं?

‘शाळेत गेलतास का?’ याला उत्तर ‘हो’. बोलणं तिथेच संपलं. त्याऐवजी असं विचारा:

– आज शाळेत हसू कशाचं आलं?
– मधल्या सुट्टीत कोण कोण खेळलं, भांडण कशावरून झालं?
– हे पिठलं कसं करतात, सांग बरं. आधी काय, मग काय?
– उद्या पाऊस आला तर काय काय उघड्यावर राहील?

विचारून झालं की थांबा. लेकराला शब्द जुळवायला वेळ लागतो. मधेच आपण वाक्य पूर्ण केलं, तर ते बोलायचं सोडून देतं. ते ‘केळ पडली’ म्हणालं, तर ‘हो, वाऱ्यानं केळीचं झाड पडलं. मग बाबांनी काय केलं?’ असं म्हणा. चूक दाखवून न देता बरोबर वाक्य कानावर पडतं. हसू नका, चारचौघांत नक्कल करू नका. पोरगा बोलला की पोरीचीही पाळी आली पाहिजे.

भाषेची लाज नको. कुणाच्या घरी गोरमाटी बोलतात, कुणाच्या घरी दखनी, कुणाच्या घरी आपली इकडची मराठी. घरच्या भाषेत जो नीट सांगू शकतो, त्याला पुस्तकाची भाषा शिकणं सोपं जातं.

एक गोष्ट लक्षात ठेवा

दोन वर्षं पूर्ण होऊनही लेकरू दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नका. अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन तपासणी करतं. कानाचा दोष लवकर कळला तर उपचार लवकर होतो.

या आठवड्यात प्रत्येकीनं रोज एक प्रश्न विचारून बघावा आणि लेकरानं काय सांगितलं ते पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगावं. तेवढ्यानं आपलीही जीभ मोकळी होईल. आई चारचौघींत बोलताना दिसली की लेकीलाही धीर येतो.