कुंचला सोडून कानस

चित्रशाळेंत शिकलेला अगर बी. ए. झालेला मुलगा फिटरचें काम शिकूं लागला, कीं पांढरपेशा घरांत सुतक आल्यासारखी कुजबूज सुरू होते. ‘एवढीं वर्षें फुकट गेलीं,’ हें तिचें पालुपद. तीं खरोखरच फुकट जातात काय, हाच वादाचा मुद्दा. आणि वकिली संवयीस अनुसरून आम्ही पुरावाच पुढें ठेवतों.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले ते चित्रकार होण्यासाठीं. दोन वर्षांनीं असें निदर्शनास आलें कीं, कांहीं रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस कळत नाहीं. चित्रकारास याहून मोठी आपत्ति कोणती? परंतु रंग गेले तरी रेघ हातीं होती. ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवूं लागले. असा आराखडा वाचकांनीं एकदां जवळून पाहावा. एकच वस्तु समोरून, वरून व बाजूनें कशी दिसेल तें मापांसह कागदावर उतरावयाचें, आणि तेंही असें कीं, सुतारानें त्यावरून लांकडी नमुना करावा, ओताऱ्यानें तो लोखंडांत ओतावा, व एकानेंही दुसऱ्यास कांहीं विचारूं नये! चित्रानें तयार झालेल्या नजरेस हें इतरांहून लौकर साधतें. मग फुकट काय गेलें?

बढतींत डावलले गेल्यावर त्यांनीं नोकरी सोडली. बंधु रामुअण्णांसह बेळगांवीं सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचें यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानें जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींनीं माळरान दिलें व किर्लोस्करवाडी वसली. हे पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार होते, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो.

सर्वांनींच कुंचले फेंकावे, असें आमचें म्हणणें नव्हे. फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सरकारी आय. टी. आय. मध्यें दहावी झालेल्यास खुला आहे. शिक्षणाची सोय आहे, अडतें तें पुढें. कारखाना काढूं पाहणाऱ्या अशा तरुणास बाजारपेठेंत उधारी मिळत नाहीं, आणि कारकुनास मात्र मुलगी मिळते. आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सरळ विचारतों: न खपणाऱ्या नांगराच्या मालकास आपण दोन वर्षें थांबून लोखंड दिलें असतें काय?