आवडती हवा आणि मानवणारी हवा

शेतकरी बंधूंनो, राहायला हवा कुठली चांगली, हा प्रश्न गावच्या पारावर टाकून बघा. तासभर वाद मिटायचा नाही. कुणाला महाबळेश्वरची थंडी हवी, कुणाला कोकणची हिरवळ. एखादा माणदेशी गडी छातीठोक सांगेल, आमच्यासारखी कोरडी हवा कुठं नाही, दुखणं जवळ फिरकत नाही!

या वादासाठी सातारा जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होतात आणि तिथंच रिते होतात. घाट ओलांडून माणात यायला त्यांच्यात फारसं काही उरत नाही.

मी मूळचा माणचा, नोकरी जावळीत. त्यामुळे दोन्हीकडची गाऱ्हाणी कानावर येतात. पूर्वेच्या कर्मचाऱ्याला पश्चिमेची बदली शिक्षा वाटते आणि पश्चिमेच्याला पूर्वेची. सोयरीक जमवतानाही तेच. एक म्हणतो, तिकडं पोरगी दिली तर हंडा घेऊन वणवण. दुसरा म्हणतो, इकडं दिली तर चार महिने धुणं वाळायचं नाही.

पण मंडळी, हवा आवडणं निराळं आणि मानवणं निराळं. आवड ही मनाची गोष्ट. मानवते ती शरीराला, घराला, चुलीला आणि गोठ्याला.

उन्हाचंच घ्या. म्हसवडला एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. रत्नागिरीत तो त्याहून बराच कमी असतो. तरी माणचा माणूस रत्नागिरीत घामाघूम होतो. कारण कोरड्या हवेत घाम झटकन उडतो आणि अंग गार पडतं. दमट हवेत तो अंगावरच राहतो. शिवाय माणात रात्री अंगणात गार वारा सुटतो, किनाऱ्यावर रात्रही उबट जाते. म्हणून नुसता पारा बघून हवा बरी की वाईट ठरवू नये.

इंग्रजांनी महाबळेश्वर उन्हाळ्यासाठी निवडलं. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर उन्हाळ्यात तिथं असे, पण पाऊस लागला की पुण्याला मुक्काम हलवी. बारमाही राहायला त्यांना पाचगणी बरी वाटली, कारण वीस किलोमीटरवर असूनही तिथला पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी. पैसेवाल्याला असं ऋतूबरोबर हलता येतं. शेतकऱ्याला जिथं जमीन तिथंच राहावं लागतं. म्हणून त्यानं घर आणि पीक हवेला जुळवून घेतलं. पश्चिमेला उतरत्या कौलांचं घर, अंगावर इरलं, शेतात भात, नाचणी, वरी. पूर्वेला जाड मातीच्या भिंतींचं धाब्याचं घर, शेतात बाजरी, ज्वारी, मटकी, दावणीला खिलार बैल आणि माळावर मेंढरं.

ही घडी मोडली की काय होतं, हे कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारा. १९६० च्या आसपास त्या खोऱ्यातली गावं उठली. बरीच कुटुंबं सांगली, सोलापूरच्या कोरड्या भागात वसवली गेली. भात-नाचणीच्या माणसांना ज्वारी-बाजरीच्या रानात नव्यानं शेती शिकावी लागली. त्यांना कुणी आवड विचारली नव्हती.

आता मात्र आपण आपल्याच हातानं ही घडी मोडतोय. माणात उरमोडीचं पाणी आलं, आनंद झाला. लगेच जो तो ऊस लावायच्या गोष्टी करू लागला, कारण हिरवंगार रान डोळ्यांना आवडतं. पण बंधूंनो, पाणी कालव्यानं आणता येतं, हवा आणता येत नाही. कोरड्या वाऱ्यात उसाला पाणी जास्त लागतं. त्याच पाण्यात ठिबकवर डाळिंब घेतलं तर कोरडी हवा त्याला मानवते. ढगाळ, दमट हवा आणि पाऊस लागला की तेल्या बळावतो. उलट महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला तिथला पाऊस नव्हे, तिथली थंडी मानवते. म्हणून तर तिची लागण पावसाचा जोर ओसरल्यावर होते.

जनावराचंही तसंच. संकरित होल्स्टिन गाय थंड मुलखातली. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या पुढं तिला त्रास सुरू होतो, चारा कमी खाते आणि दूध घटतं. तिला माणच्या उन्हात बुटक्या पत्र्याखाली बांधली तर दोष गाईचा नव्हे. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, छत उंच घ्या, पत्र्यावर उसाचं पाचट किंवा गवत अंथरा, दुपारी दोनदा पाणी शिंपडा, शेजारी लिंबाचं झाड लावा. खिलारला यातलं फारसं काही लागत नाही.

ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांनाही एक विनंती. घरकुलाचा एकच नकाशा दोन्ही मुलखांत चालत नाही. जावळीत सपाट स्लॅब चार पावसाळ्यांत गळायला लागतो, तिथं वर उतरतं छप्पर हवं. माणात नुसता पत्रा म्हणजे भट्टी. तिथं जाड भिंत, समोरासमोर खिडक्या आणि पुढं सावलीची पडवी पाहिजे. लाभार्थ्याला हे पाया खणण्याआधी सांगा, नंतर उपयोग नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, नवं पीक किंवा नवी जात आणण्याआधी आपल्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्रातली पाऊस आणि तापमानाची नोंद कृषी सहाय्यकाकडून समजून घ्या. आवड ज्याची त्यानं जपावी, त्याबद्दल तक्रार नाही. पण पिकाला आणि जनावराला बोलता येत नाही. त्यांना हवा मानवली नाही हे आपल्याला नुकसान झाल्यावरच कळतं.