तापणाऱ्या जुन्या जीपला पंखा कोणता बसवावा?

जुनी जीप शेतकऱ्याच्या घरीं हौसेनें राखलेली असली तरी ती केवळ हौसेची वस्तु राहत नाहीं. विलीस कंपनीची जीप मुंबईंत जुळवून विकण्याचा उद्योग महिंद्र कंपनीनें १९४० ते १९५० या दशकाच्या उत्तरार्धांत हातीं घेतला. पुढें १९५३ सालीं विलीसनें काढलेली सी. जे. ३-बी ही जात आपल्या देशांतहि दीर्घकाळ तयार होत होती. त्या जातीच्या कांहीं गाड्या आजहि वाड्याच्या पडवींत उभ्या आहेत. बागेंत फेरी घालण्यास, यात्रेस व लग्नकार्यास त्या बाहेर निघतात. अशा गाडीसंबंधीं मालकाची पहिली तक्रार बहुधा एकच असते, ती ही कीं गाडी तापते. आणि त्यावर मिळणारा सल्लाहि बहुधा एकच असतो, तो हा कीं विजेचा पंखा बसवून टाकावा. हा सल्ला कधीं योग्य, कधीं निरुपयोगी, तर कधीं नुकसानकारक ठरतो. तो केव्हां कसा ठरेल, हें मालकास स्वतः ओळखतां यावें एवढ्याकरितांच हा लेख आहे.

प्रश्न क्षुल्लक नव्हे. पाणी उकळून गेल्यावर इंजिन तसेंच चालविलें तर प्रथम हेडचें गॅस्केट जळतें, पुढें हेड वांकतें अगर तडकतें. नव्या गाडीचे भाग बाजारांत मिळतात. पन्नास-साठ वर्षांच्या इंजिनाचें चांगलें हेड मिळविणें मात्र कठीण, आणि मिळालें तरी त्याच्या किंमतींत एक नव्हे, अनेक पंखे येतील.

पंख्याचें खरें काम

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकीं सुमारें एक चतुर्थांश चाकें फिरविण्याच्या कामीं येते, साधारण एक तृतीयांश पाण्यांत जाते, व बाकीची बहुतेक धुरावाटे निघून जाते. पाण्यांत गेलेली उष्णता रेडिएटरच्या नळ्या व पत्र्या हवेस देतात. ही हवा दोन मार्गांनीं येते. एक, गाडीच्या वेगामुळें समोरून आपोआप. दुसरी, पंख्यानें ओढलेली. ताशीं पन्नास किलोमीटरांच्या पुढें गाडी धांवूं लागली म्हणजे समोरून येणारी हवाच बहुधा पुरेशी होते, आणि पंखा असून नसून सारखा होतो. पंख्याची खरी गरज गाडी उभी असतांना किंवा बैलगाडीच्या चालीनें शेतांतून जातांना असते. हा एक मुद्दा ध्यानांत ठेविला तर पुढील सर्व निवड सोपी होते.

दोष पंख्याचा आहे काय?

गाडी केव्हां तापते हें प्रथम पाहावें. बाजाराच्या गर्दींत, उभी असतांना, अगर नांगरटीच्या रानांतून हळू जातांना ती तापत असेल, आणि मोकळ्या सडकेवर येतांच कांटा खालीं येत असेल, तर हवा कमी पडते असें समजावें. येथें पंख्याचा विचार करणें रास्त आहे. उलटपक्षीं, उभी असतांना थंड राहून मोकळ्या सडकेवर वेगानें जातांना तापत असेल तर कितीहि मोठा पंखा बसविला तरी उपयोग होणार नाहीं. दोष पाण्याच्या वाहण्यांत, रेडिएटरांत किंवा ठिणगीच्या वेळेंत आहे. घाटांतील अनुभवावरून मात्र निदान करूं नये. तेथें भार पूर्ण व वेग कमी असल्यामुळें दोन्ही प्रकारचे दोष एकदमच उघडे पडतात.

पंख्यास पैसे खर्चण्यापूर्वीं पुढील गोष्टी तपासाव्या. यांपैकीं बहुतेकांस वेळाखेरीज कांहीं खर्च नाहीं.

(१) रेडिएटरची पुढील बाजू. सुगीच्या दिवसांत भुस्कट, कुसळें व गवताचें बीं जाळींतून आंत जाऊन पत्र्यांच्या मध्यें घट्ट बसतात, व पावसाळ्यांत त्यांवर चिखलाचा लेप चढतो. इंजिनाच्या बाजूनें पुढें अशा दिशेनें पाण्याची मध्यम धार सोडून हा कचरा बाहेर काढावा. समोरून धार मारल्यास तो अधिकच आंत बसतो, आणि धार फार जोराची असल्यास पत्र्या वांकतात.

(२) नळ्यांतील क्षार. विहिरीचें जड पाणी वर्षानुवर्षें ओतल्यानें नळ्यांत चुन्याची खपली धरते. इंजिन तापवून बंद केल्यावर, पंखा थांबल्याची खात्री करून, रेडिएटरच्या पत्र्यांवर ठिकठिकाणीं जपून हात लावावा. मध्येंच एखादा पट्टा थंड लागल्यास तेथील नळ्या बंद आहेत असें जाणावें. साफ केल्यावर पावसाचें स्वच्छ अगर शुद्ध केलेलें पाणी व गंजरोधक द्रव घालण्याचा परिपाठ ठेवावा.

(३) झाकण. सात पौंड दाबाचें झाकण ठीक असेल तर समुद्रसपाटीस पाणी सुमारें १११ अंश सेंटिग्रेडवर उकळतें. झाकणाचें रबर गेलें असल्यास तें १०० अंशांवर उकळतें, आणि महाबळेश्वरासारख्या सुमारें १३७० मीटर उंचीच्या ठिकाणीं तर ९५ अंशांच्या आसपासच. म्हणून गाडीस नेमून दिलेल्या दाबाचेंच झाकण वापरावें. अधिक दाबाचें घातल्यास जुन्या रेडिएटरचे सांधे फुटण्याचा संभव असतो. गरम असतां झाकण कदापि उघडूं नये.

(४) पट्टा व खालची रबरी नळी. पट्टा अंगठ्यानें दाबला असतां सुमारें अर्धा इंच दबावा. त्याहून सैल असल्यास पंखा व पाण्याचा पंप हे दोन्ही मंद चालतात. खालची नळी मऊ झाली असल्यास इंजिनाचा वेग वाढतांच पंपाच्या ओढीनें ती आंतून चपटी होते व पाणी अडतें.

(५) ठिणगीची वेळ व हेडचें गॅस्केट. ठिणगी उशिरा पडत असल्यास इंजिन अधिक तापतें. थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर पाण्यांतून एकसारखे बुडबुडे येत राहिल्यास गॅस्केट गळत आहे असें बहुधा समजावें.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणीं आहे, ती आम्हांस पसंत नाहीं. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा. तो नसल्यास थंडींत इंजिन योग्य उष्णतेस पोहोंचत नाहीं व तेल लवकर खराब होतें.

मूळचाच पंखा सुधारावा

वरील सर्व ठीक असून गाडी उभ्या जागीं तापत असेल तर प्रथम मूळच्या पंख्याकडे वळावें. इंजिन मंद चालू ठेवून रेडिएटरच्या समोरील बाजूस कागदाचा एक ताव धरावा. हवेच्या ओढीनें तो जाळीस चिकटून राहिला पाहिजे. गळून पडत असल्यास ओढ कमी आहे.

ओढ कमी असण्याचें एक कारण असें कीं, दुरुस्तीच्या वेळीं पंखा कधीं कधीं उलटा बसविला जातो. उलटा बसविला म्हणून हवेची दिशा बदलत नाहीं. त्यामुळें चूक कोणाच्या लक्षांत येत नाहीं. परंतु पात्यांचा बांक विरुद्ध बाजूस गेल्यानें हवा मात्र कमी ओढली जाते. फिरण्याच्या दिशेकडून पाहतां पात्याची खोलगट बाजू इंजिनाकडे असावी.

दुसरें, व आमच्या मतें सर्वांत उपेक्षित कारण म्हणजे पंख्याभोवतालचें पत्र्याचें कडें नसणें. कड्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजीं पात्यांच्या टोकांभोवतीं तीच ती गरम हवा फिरवीत बसतो, आणि रेडिएटरचे चारी कोपरे हवेवांचून राहतात. गांवच्या पत्रेवाल्याकडून असें कडें थोड्या खर्चांत करून घेतां येतें. तें रेडिएटरच्या सर्व कडांस घट्ट बसावें. पात्यांची टोकें व कडें यांत चोहोंकडे अर्धा ते एक इंच अंतर असावें. इंजिन आपल्या रबरी बैठकींवर हलतें, म्हणून याहून कमी अंतर ठेवणें धोक्याचें आहे. पात्यांची साधारण निम्मी रुंदी कड्याच्या आंत व निम्मी बाहेर राहील असें पाहावें.

एवढ्यानें भागलें नाहीं तर चार पात्यांच्या जागीं सहा पात्यांचा पंखा घालतां येईल. परंतु तो जितका जड तितका पंपाच्या बेअरिंगवर भार अधिक. शिवाय पंख्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे हवा दुप्पट येते, पण त्यास लागणारी शक्ति आठपट होते. म्हणून सडकेवर वेगानें जातांना मोठा पंखा हवेची गरज नसतां पेट्रोल मात्र खातो. जुनें पातें बसवितांना रिव्हेटांच्या जवळ तडे आहेत काय हें बारकाईनें पाहावें. तडा असलेला पंखा, मग तो कितीहि दुर्मिळ असो, वापरूं नये, आणि सांधून तर मुळींच घेऊं नये. सुटलेलें पातें रेडिएटर फोडतें व माणसाचा जीवहि घेऊं शकतें.

विजेचा पंखा: प्रथम विजेचा हिशेब

विजेच्या पंख्याचा गुण खरोखरच मोठा आहे. इंजिन मंद असतांहि तो पूर्ण वेगानें फिरतो, आणि सडकेवर नको तेव्हां थांबतो. मात्र त्यास वीज कोण पुरविणार, हा प्रश्न विकत घेण्यापूर्वीं विचारला पाहिजे.

चौदा इंचांचा साधारण पंखा १२ व्होल्टवर १० ते १५ अँपियर घेतो. पुढील दोन दिवे प्रत्येकीं ४५ वॅटचे धरल्यास साडेसात अँपियर, व ठिणगीकरितां तीन-चार. म्हणजे रात्रीं एकूण खर्च २० ते २७ अँपियर झाला. त्या काळच्या डायनॅमोची पूर्ण शक्ति बहुधा २० ते ३५ अँपियरच असे, आणि तीहि इंजिन वेगांत असतांना. मंद चालींत डायनॅमो जवळजवळ कांहींच वीज देत नाहीं. पंख्याची गरज नेमकी मंद चालींत. म्हणजे ज्या क्षणीं खर्च सर्वांत अधिक, त्याच क्षणीं उत्पन्न शून्य. अशा गाडीचा विजेचा पंखा सर्वस्वीं बॅटरीवर जगतो. साठ अँपियर-तासांची बॅटरी वीस अँपियरांच्या खर्चानें तीन तासांत रिती होते, आणि इंजिन सुरू करण्यास असमर्थ तर त्याच्या बऱ्याच आधीं होते. पंख्याचा वेगहि बॅटरी उतरत जाईल तसतसा कमी होतो.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, डायनॅमो असलेल्या गाडीस विजेचा पंखा मुख्य पंखा म्हणून बसवूं नये. मंद चालींतहि वीज देणारा अल्टरनेटर आधीं बसवावा, मग पंख्याचा विचार करावा. गाडी सहा व्होल्टची असल्यास तर हें अधिकच लागू आहे. १२० वॅटच्या पंख्यास १२ व्होल्टवर १० अँपियर लागत असतील तर ६ व्होल्टच्या पंख्यास २० लागतील. आणि १२ व्होल्टचा पंखा ६ व्होल्टवर जोडल्यास तो केवळ मंदपणें फिरत राहील.

अल्टरनेटर असल्यास पुढील नियम पाळावे. जागा असेल तर पंखा रेडिएटरच्या मागें, म्हणजे ओढणारा, बसवावा; पुढें बसवून ढकलणारा पंखा सडकेवरील हवा अडवितो. पातीं ज्या दिशेकरितां घडविलीं असतील त्याच दिशेनें फिरवावीं. कांहीं जुन्या गाड्यांत, विशेषतः इंग्लिश बनावटीच्या, बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असतें. तेथें तारा न तपासतां जोडल्यास मोटर उलटी फिरते. पंखा स्वतंत्र पट्ट्यांवर सांगाड्यास अगर रेडिएटरच्या चौकटीस बांधावा. नळ्यांमधून प्लॅस्टिकचे बंद ओंवून बांधल्यास हादऱ्यानें घांसून नळ्या फुटतात. वीज बॅटरीपासून फ्यूज व रिलेमार्फत जाड तारेनें न्यावी, साध्या बटणांतून नेऊं नये. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असेल तर पंखा सुमारें ९२ अंशांस सुरू व ८७ अंशांस बंद व्हावा. इंजिन बंद झाल्यावर पंखाहि बंद व्हावा हें बरें. कारण पंप थांबल्यावर पाणी फारसें फिरत नाहीं, आणि बॅटरी मात्र खर्च होते.

ओढा ओलांडतांना

जीप ही ओढ्यानाल्यांतून जाणारी गाडी. खोल पाण्यांत शिरतांना फिरतां पंखा पाणी इंजिनावर उडवून ठिणगी बंद पाडतो. पाण्याच्या विरोधानें पातीं पुढें वांकून रेडिएटरला भिडण्याचीहि भीति असते. म्हणून थोडें अंतर खोल पाण्यांतून जाणें असेल तर पट्टा उतरवून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. मात्र पलीकडे जातांच तो पुन्हा चढवावा. विजेचा पंखा असल्यास एक बटण बंद केल्यानें हेंच काम होतें, ही त्याची जमेची बाजू होय.

सारांश

सारांश, क्रम असा ठेवावा. आधीं रेडिएटर, झाकण, पट्टा, नळ्या व ठिणगी; मग मूळचा पंखा योग्य दिशेस, निर्दोष व कड्यासह; त्यानेंहि उभ्या जागीं गाडी तापली तर अल्टरनेटर, आणि सर्वांच्या शेवटीं विजेचा पंखा. जीप कारखान्यांतून निघाली तेव्हां याच चार पात्यांच्या पंख्यावर ती काम करीत होती, हें विसरूं नये. आज ती तापत असेल तर कोठें तरी कांहीं बिघडलें आहे. तें शोधणें हें नवी वस्तु विकत घेण्यापेक्षां स्वस्त, आणि बहुतेक वेळां पुरेसेंहि असतें.