तिवराच्या मुळाशी

नवी मुंबईतल्या शिरवण्याहून पश्चिमेला जुईनगर-सानपाडा ओलांडून पाम बीच रस्त्यापलीकडे गेले की ठाण्याच्या खाडीचा चिखल लागतो आणि त्यात तिवर या खारफुटीची दाटी. झाड फार उंच नाही, त्यामुळे त्याच्या शेंड्यापर्यंत पाणी चढण्यात काही नवल आहे असे कुणाला वाटत नाही. मात्र इथे अडचण उंचीची नसून मिठाची आहे. दहा मीटर पाणी चढवायला साधारण एक वातावरण दाब पुरतो. समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी वेगळे काढायला मात्र पंचवीसेक वातावरणे लागतात. म्हणजे आपल्या खाडीतले हे बुटके झाड, पाणी ओढण्याच्या बाबतीत, कॅलिफोर्नियातल्या शंभर मीटर उंच रेडवुडच्याही पुढे आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ पेर स्कोलॅंडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली हे मोजून दाखवले. पानांसकट डहाळी पोलादी भांड्यात बंद करायची, कापलेले टोक तेवढे बाहेर ठेवायचे आणि त्या टोकाशी रस दिसेपर्यंत आत वायूचा दाब वाढवत न्यायचा; जितका दाब लागेल तितकी झाडातल्या पाण्यावरची मूळची ओढ. खारफुटीत ती पस्तीस ते साठ वातावरणे निघाली.

ही ओढ येते पानांतून. पानातले पाणी हवेत उडते, त्याची जागा घ्यायला मागचे पाणी पुढे सरकते. पाण्याचे कण एकमेकांना इतके धरून असतात की खोडातल्या केसाहून बारीक नळ्यांमधला अख्खा स्तंभ न तुटता वर येतो. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ साली हे मांडले तेव्हा ते अनेकांना पटले नाही, आणि न पटणाऱ्यांत पुढे आपले जगदीशचंद्र बसूही होते. जिवंत पेशी स्पंदन करून रस वर ढकलतात, असे त्यांचे मत होते. आक्षेप क्षुल्लक नव्हता, कारण ताणलेल्या पाण्यात बुडबुडा शिरला की ती नळी निकामी होते, आणि असल्या नाजूक व्यवस्थेवर झाड जगत असेल हे मानणे जड जाते. पण वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गरने त्याआधीच खोडातल्या पेशी विषारी द्रावणांनी मारून पाहिल्या होत्या आणि तरी पाणी चढतच राहिले होते. १९६८ साली स्कोलॅंडरने खारफुटीची मुळे गार केली, त्यांना विष दिले, तरी मीठ गाळण्याचे काम थांबले नाही. ओढ पानाची, गाळणी मुळाची. तिला वेगळा पंप नाही.

गाळणीतूनही थोडे मीठ निसटतेच. ते तिवर पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दुपारी पान जवळून पाहिले तर त्यावर बारीक पांढरे कण चमकतात, आणि जिभेला लावले तर खारट लागतात. उलट दिशेची वाहतूक, म्हणजे पानात तयार झालेली साखर मुळांपर्यंत पोहोचवणे, हे रसवाहिन्यांचे काम. बहुतेक झाडांत त्या सालीलगतच असतात, म्हणून साल गोलाकार सोलली की मुळांचा शिधा तुटतो. तिवराच्या खोडात मात्र लाकूड आणि रसवाहिन्या यांचे थर आलटून पालटून आतपर्यंत जातात. वरचा घाव काही प्रमाणात सोसणाऱ्या या झाडाचे मर्म खोडात नाही, पायाशी आहे.

मुळाने पाणी घेतले आणि बहुतेक मीठ बाहेरच ठेवले, तर ते मीठ जाते कुठे? चिखलातच साचते. गाळणीतला गाळ काढला नाही की गाळणी तुंबते. इथे तो काढण्याचे काम भरती-ओहोटी करते. भरती साचलेले खारे पाणी पातळ करते, ओहोटी ते घेऊन जाते, आणि चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीएवढ्या श्वसनमुळांना त्या वेळात हवा मिळते. म्हणून माझे म्हणणे असे, की तिवराची जलवाहिनी मुळाच्या टोकाशी संपत नाही. खाडीचे तोंड हाही तिचाच भाग आहे.

यावर कुणी म्हणेल, मीठच वैरी असेल तर बांध घालून खारे पाणी अडवलेले बरे. खाडीकाठच्या मिठागरांनी याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिलेले आहे: भरतीचे पाणी आत घेऊन कोंडले आणि उन्हात सोडले की मीठच उरते. बांधाआड अडकलेल्या चिखलाचे तेच होते. पावसाळा मीठ धुतो हे खरे, पण तो चार महिन्यांचा. शिवाय बांधातले पाण्याचे दार, म्हणजे उघाडी, बंद असेल तर तेच पावसाचे पाणी तुंबून श्वसनमुळे बुडवते. मग कुऱ्हाड न लावताही झाडे वाळतात.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यात खारफुटीच्या नाशावर बंदी घातली, आणि ठाणे खाडी २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. तरीही खाडीलगतच्या प्रकल्पांवर चर्चा होते ती बहुधा किती झाडे तोडणार याचीच. रस्ता किंवा भराव आखताना किती मोऱ्या, किती नाले, किती उघाड्या भरतीसाठी खुल्या राहणार याचाही आकडा अहवालात असावा, आणि शिरवणे-नेरूळच्या रहिवाशांनी हरकती नोंदवताना तोच आधी मागावा.