डीपीतले तेल: घट्टपणा, प्रवाह आणि उष्णता

रावेर-यावलच्या केळीबागांपासून धुळे तालुक्यातील विहिरींपर्यंत खानदेशातील शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या रोहित्राला गावोगाव ‘डीपी’ म्हणतात, आणि त्याच्या टाकीत भरलेले तेल सहसा खनिज तेलापासून काढलेले, म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांच्या संयुगांचे बनलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की या तेलाविषयी जे समज बोलले जातात, त्यांच्या मुळाशी बहुधा एकच गोंधळ असतो: घट्टपणा, वजन आणि उष्णता वाहून नेण्याची क्षमता हे तीन वेगळे गुणधर्म एकच मानले जातात.

जाड तेल जड असते, हा त्यांतील सर्वांत साधा समज. शास्त्रात ज्याला श्यानता म्हणतात तो घट्टपणा म्हणजे द्रवाच्या एका थरावरून दुसरा थर सरकताना होणारा अंतर्गत विरोध होय. वजनाशी त्याचा थेट संबंध नाही. 20 अंशांना पाण्याची श्यानता सुमारे 1 सेंटिस्टोक, तर रोहित्राच्या तेलाची त्याच्या वीसपटीच्या आसपास असते, तरीही हे तेल पाण्यावर तरंगते.

तेल उष्णता चांगली वाहते म्हणून ते डीपीत भरतात, हा समज अधिक खोल रुजलेला आहे. प्रत्यक्षात स्थिर पदार्थातून उष्णता किती सहज पुढे जाते हे सांगणारी औष्णिक संवाहकता पाण्यासाठी सुमारे 0.6, तांब्यासाठी सुमारे 400, तर या तेलासाठी जेमतेम 0.13 वॅट प्रति मीटर-केल्विन आहे. तेल निवडले जाते ते प्रामुख्याने ते विद्युतरोधक असल्यामुळे, आणि थंडावा मिळतो तो त्याच्या फिरण्यामुळे: वेटोळ्यांजवळ तापलेले तेल प्रसरण पावून हलके होते, वर चढते, टाकीबाहेरच्या नळ्यांत शिरते, तिथे हवेला उष्णता देऊन निवते आणि खाली उतरते. हे अभिसरण सुलभ राहावे म्हणूनच भारतीय मानक आयएस 335 च्या 1993 च्या आवृत्तीत 27 अंशांना श्यानता 27 सेंटिस्टोकपेक्षा जास्त नसावी अशी अट होती.

त्यामुळे ‘उन्हाने तेल पातळ होते आणि डीपी जळते’ हे म्हणणे कारणाची दिशाच उलटी करते. तेल 40 वरून 80 अंशांवर गेले की श्यानता साधारण एक-तृतीयांशावर येते, पण संवाहकता जेमतेम काही टक्के घटते. म्हणजे तापलेले तेल अधिक सहज फिरते. खरी अडचण अशी की बाहेरची हवाच तापलेली असल्याने नळ्या आणि हवा यांच्या तापमानातील फरक कमी होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पंपांचा भारही वाढलेला असतो.

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर महामार्ग जिथे भेटतात त्या धुळ्यात ट्रकच्या इंजिन ऑइलचे डबे सहज मिळतात, म्हणून तेच डीपीत चालेल असे मानणे मात्र धोक्याचे आहे. इंजिन ऑइलचे काम धातूंच्या घासणाऱ्या पृष्ठभागांमध्ये थर टिकवण्याचे असल्याने 40 दर्जाच्या तेलाची श्यानता 100 अंशांनाही 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक ठेवलेली असते. डीपीत असे तेल संथ फिरते, आणि वापरलेले असेल तर त्यातील काजळी, ओलावा व धातूचे कण विद्युतरोधही बिघडवतात.

या सगळ्यांत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट तेलाच्या पातळीची आहे, आणि तीच सर्वाधिक महत्त्वाची आहे. गळतीने किंवा चोरीने पातळी नळ्यांच्या वरच्या तोंडाखाली गेली, तर टाकीत पुष्कळ तेल शिल्लक असूनही वर आलेल्या गरम तेलाला नळ्यांत शिरण्याची वाट उरत नाही, अभिसरण तुटते आणि वेटोळ्यांभोवतीचा कागद झपाट्याने जीर्ण होतो. पातळी दाखवणारी खूण टाकीच्या बाहेरच असते, त्यामुळे ती खाली गेलेली दिसताच शेतकऱ्याने डीपीला हात न लावता लाईनमनला कळवणे पुरेसे ठरते.